विरोधी खासदाराच्या एका प्रश्नाने काय होतं? (बाबांच्या पेन्शनवरून)

कन्नमवारनगरची | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. कारखाना गेला, त्या जागी आता टॉवर उभा आहे. बाबांना ईपीएस-९५ ची (म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन मिळते, महिन्याला १,८४० रुपये. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांना त्याहून जास्त लागतात. आमच्या कॉलनीत असे घरटी एक तरी आजोबा आहेत. काहींना तर बरोबर हजार रुपये मिळतात, कारण सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार ठरली ती ठरलीच. दहा वर्षं उलटून गेली, आकडा हलला नाही.

अधिवेशन सुरू झालं की बाबा सकाळी अकराच्या ठोक्याला संसद टीव्ही लावून बसतात. जुन्या कॅलेंडरची पानं मागच्या कोऱ्या बाजूने शिवून त्यांनी वही केली आहे. त्यात रकाने: तारीख, प्रश्न कोणाचा, मंत्री काय म्हणाले. एका सकाळी विरोधी बाकांवरच्या एका खासदाराने किमान पेन्शनचा विषय काढला. बाबांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "ये ये, आपलं चाललंय." मी कणकेच्या हातानेच बाहेर आले. खासदार पोटतिडकीने बोलले. मंत्र्यांनी उत्तर दिलं. पेन्शन निधीत पगाराच्या ८.३३ टक्के मालकाचे, १.१६ टक्के केंद्राचे, तेही १५ हजारांच्या वेतनमर्यादेपर्यंत. विमागणिताप्रमाणे निधीत तूट आहे, तरी किमान हजार देता यावेत म्हणून सरकार अर्थसंकल्पातून भर घालतं. मग पुढचा प्रश्न पुकारला गेला. बाबा पेन धरून तसेच बसले होते. म्हणाले, "एवढंच?"

त्या रात्री मी संसद डॉट इनवर ईपीएस-९५ वरची जुनी उत्तरं शोधायला बसले. एकामागून एक सापडत गेली. वेगवेगळे पक्ष, वेगवेगळे खासदार, केरळचे, बंगालचे, आपल्या महाराष्ट्राचेही. दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणल्या आणि आम्ही दोघांनी जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. उत्तरातला मधला परिच्छेद वर्षानुवर्षं जवळजवळ शब्दशः तोच आहे. बाबांनी त्याखाली लाल रेघा ओढल्या.

मग कळलेली दुसरी गोष्ट जास्त लागली. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० करा अशी शिफारस केली होती. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले ते. तेव्हा त्यांचा पक्ष विरोधात होता. पुढच्याच वर्षी तो सत्तेत आला आणि पेन्शन झाली हजार. त्याआधी जे सत्तेत होते, त्यांच्या काळात हजारसुद्धा नव्हते. आता ते विरोधात बसून किमान साडेसात हजार पेन्शनसाठी उभे राहतात.

मला कुठल्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. मला खरंच विचारायचं आहे. विरोधी खासदार उठतो, विचारतो, टाळ्या पडतात, मोबाइलवर तुकडा फिरतो. त्या प्रश्नाचा आमच्या घराला काही उपयोग आहे का? असेल तर तो कसा करून घ्यायचा?

---

फाइलवाला | सोमवार, रात्री ११.१५

ताई, प्रश्नाचं काय होतं ते आतून सांगतो. मी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या मुंबईतल्या कार्यालयात ३४ वर्षं काढली. खात्याचं नाव लिहीत नाही.

दिल्लीहून संसदीय प्रश्न आला की आमच्याकडे बाकीची कामं बाजूला पडायची. फाइलवर लाल पट्टी. साहेब स्वतः टेबलापाशी यायचे, एरवी शिपाई पाठवायचे. प्रश्न मोजून चार ओळींचा असायचा, पण त्याची माहिती गोळा करायला सात शाखांना फोन. जी आकडेवारी आम्ही पाच वर्षं एकत्र केली नव्हती, ती दोन दिवसांत एकत्र व्हायची. एकदा अशाच एका प्रश्नामुळे लक्षात आलं की तक्रारींच्या दोन नोंदवह्यांचे आकडे जुळतच नाहीत. बाहेरून कोणी विचारलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. त्या रात्री मी शेवटची कर्जत गाडी पकडून घरी गेलो, पण दोन्ही वह्या जुळवूनच.

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न असेल तर आणखी एक कागद लागतो, पूरक प्रश्नांसाठीचं टिपण. उत्तर वाचून झाल्यावर खासदार काय काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून मंत्र्यांसाठी ते तयार करतात. आम्हाला धाक असायचा तो त्याचाच. छापील उत्तर कितीही गोल लिहिता येतं. पण अभ्यास केलेला खासदार उठून "दुसऱ्या परिच्छेदातला आकडा कुठल्या तारखेचा?" असं विचारतो, तेव्हा मंत्री मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघतात आणि तिथून चिठ्ठी येते.

तेव्हा ताई, उपयोग होतो. पण भाषणाचा नाही, नेमक्या प्रश्नाचा होतो.

---

सडेतोड | मंगळवार, सकाळी ८.०५

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. विरोधकांना प्रश्न विचारायचे असतील तर आधी प्रश्नोत्तराचा तास चालू द्यावा लागतो. अकरा वाजता फलक घेऊन हौद्यात उतरायचं, सव्वाअकराला कामकाज तहकूब. मग त्या दिवशीच्या तोंडी उत्तरांचं काय? ज्या बिचाऱ्या खासदाराचा नंबर लागला होता त्याची संधी त्याच्याच बाजूच्या लोकांनी घालवलेली असते.

आणि हो, आमच्या बाजूनेही विरोधात असताना हे केलं आहे, नाकारत नाही. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी घोटाळ्यावर संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून जवळजवळ पूर्ण वाहून गेलं. तेव्हा मी ते बरोबर मानत होतो. आज वाटतं, त्या अधिवेशनात किती लोकांचे किती साधे प्रश्न बुडाले असतील.

पेन्शनबद्दल: साडेसात हजार सगळ्यांना द्यायचे तर पैसे कुठून आणायचे, हेही मागणाऱ्याने सांगावं. माझे सासरे याच योजनेत आहेत, तरी विचारतो.

---

कायद्याची_विद्यार्थिनी | मंगळवार, दुपारी १.२०

सडेतोडजी, गोंधळाबद्दल सहमत. पण तास बंद पडतो तो फक्त गोंधळाने नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं. त्याच अधिवेशनात विचारलं गेलं की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले. उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मुंबईतून नाशिक महामार्गाने चालत गेलेली माणसं आपण डोळ्यांनी पाहिली होती. मी तेव्हा बारावीत होते, मुलुंड चेकनाक्याजवळ आई-बाबांबरोबर पाण्याच्या बाटल्या वाटायला जायचे. सभागृहात मंत्र्यांना तोंडी "का ठेवली नाही?" असं विचारायची सोय असती तर?

डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत गॅलरीतून दोघांनी उड्या मारल्या. गृहमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं म्हणून विरोधकांनी आग्रह धरला आणि दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्यांचे प्रश्नही यादीतून गेले. खासदाराला शिक्षा एक वेळ समजू शकते, पण तो प्रश्न त्याच्या मतदारसंघातल्या कोणाचा तरी होता.

नियम थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतात. लोकसभेत पहिला तास, अकरा ते बारा. राज्यसभेत तो बारा ते एक. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न इतके येतात की सोडत निघते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित, २३० अतारांकित. तारांकितला तोंडी उत्तर आणि त्यावर पूरक प्रश्न. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. वीसपैकी प्रत्यक्ष तोंडी पोचतात ते मोजकेच, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवतात. म्हणजे सोडतीत वर येणं हीच मोठी गोष्ट, आणि ती संधी भाषणात घालवणं म्हणजे तर पापच.

---

परळकर | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

मुंबईच्या माणसाने हा विषय निघाला की १९५७ आठवावं.

आयुर्विमा महामंडळ तेव्हा एक वर्षाचं होतं. त्याने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, त्या कंपन्या डबघाईला आलेल्या असताना. ते पैसे कोणाचे? हप्ते भरणाऱ्या कारकुनांचे, शिक्षकांचे, गिरणीतल्या जॉबरचे. लोकसभेत आधी साधा प्रश्न आला, उत्तर गोलमाल मिळालं. मग डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले. मुंबईत जन्मलेला माणूस, सत्ताधारी पक्षाचा खासदार आणि पंतप्रधानांचा जावई. त्यांनी कागद घेऊन आपल्याच सरकारला धारेवर धरलं. चौकशीला आपल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला नेमले गेले. त्यांनी सुनावणी मुंबईत उघड घेतली. इतकी गर्दी लोटली की बाहेर कर्णे लावावे लागले. माझे आजोबा पाळी संपवून ऐकायला गेले होते, शेवटपर्यंत सांगायचे. अर्थमंत्री आणि सचिव साक्षीला बसलेत आणि ते बाहेर फूटपाथवर गिरणीतल्या चार मित्रांबरोबर उभे राहून ऐकताहेत. महिन्याभरात अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला.

तेव्हा फाइलवाला काकांचं म्हणणं खरं आहे. पण सोबत एवढंही घ्या की त्या काळी उत्तर चुकीचं दिलं तर त्याची किंमत मोजावी लागते, हे मंत्र्यालाही ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण उलटं आहे आणि ते मला आजही सलतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ मध्ये आम्ही डॉ. दत्ता सामंतांना दक्षिण मध्य मुंबईतून निवडून दिलं, तेही इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सगळीकडे काँग्रेसची लाट असताना. आमचा माणूस लोकसभेत बसला. वडील म्हणायचे, आता दिल्लीला विचारावंच लागेल. विचारलं गेलंही. पण तोपर्यंत गिरणगाव हातातून सुटलं होतं. प्रश्न वेळेवर यावा लागतो.

---

दादरची_मावशी | मंगळवार, रात्री १०.३०

परळकर, तुमच्या आजोबांचं वाचून डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं.

मी मृणालताई गोरेंबरोबर लाटणं घेऊन मोर्च्यात चाललेली बाई आहे. गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेऊन बसायचो तेव्हा ताईंची एक सवय पाहिली. अधिकाऱ्याशी बोलायला जाताना हातात एक वही असायची. कुठल्या वस्तीत नळ किती, पाणी किती वाजता येतं, माणसं किती, सगळं लिहिलेलं. "आधी मोजायचं, मग ओरडायचं," असं आम्ही बायका आपापसांत म्हणायचो. १९७७ ला त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. तेव्हाची घोषणा होती, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे हरलेल्या इंदिरा गांधी) पाण्यात. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, तेव्हाही वही सुटली नाही.

आणीबाणीत संसदेतला प्रश्नोत्तराचा तास बंद केला होता, हे आजच्या मुलांना कोणी सांगत नाही. मधु दंडवते तर तुरुंगातच होते. सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, राजापूरचा खासदार. सुटले, आणि १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळकुटांवर दोन इंचांचा फोम बसवायला त्यांनी सुरुवात केली. माझ्या सासूबाईंचं कंबरेचं दुखणं होतं. पहिल्यांदा तशा बाकावर झोपून आल्या तेव्हा घरात शिरता शिरता म्हणाल्या, "दंडवत्यांना आमचा नमस्कार सांगा हो." जणू आम्ही रोजच भेटत होतो.

विरोधात असताना जो विषय धरला, तो खुर्चीवर बसल्यावर सोडला नाही. कन्नमवारनगरची, तुझ्या बाबांचं दुखणं हेच आहे ना? समितीत बसून तीन हजार सुचवायचे आणि सत्ता आली की हजारावर थांबायचं. त्या माणसांना हे कोणी तोंडावर वाचून दाखवलं पाहिजे.

---

खारफुटी | बुधवार, सकाळी ९.१०

एक शंका. मी बोरिवलीत राहतो. २०२४ ला आमच्याकडून पीयूष गोयल निवडून आले आणि मंत्री झाले. मंत्री प्रश्न विचारू शकत नाहीत ना? मग आमचा प्रश्न कोण विचारणार?

---

कायद्याची_विद्यार्थिनी | बुधवार, सकाळी ९.४५

बरोबर, मंत्री उत्तर देणाऱ्या बाजूला असतात. पण प्रश्न मतदारसंघाला बांधलेला नसतो. मदुराईचा खासदार बोरिवलीबद्दल विचारू शकतो. राज्यसभेतले महाराष्ट्राचे सदस्यही आहेत. सत्ताधारी पक्षाचे साधे खासदारही विचारू शकतात, आणि विचारतातही.

---

फाइलवाला | बुधवार, सकाळी ११.००

खासदाराला पत्र लिहिणार असाल तर काही गोष्टी पाळा. अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी पत्र पोचलं पाहिजे. एका पानाच्या वर जाऊ नका. मत लिहू नका, माहिती मागा. "सरकार पेन्शनरांवर अन्याय का करतं" हे विचारलंत तर उत्तरात योजनेची महती येईल. "किती जणांना, किती रुपये, कुठल्या तारखेला" हे विचारलंत तर आकडा द्यावाच लागतो.

माझा धाकटा भाऊ विधानभवनात होता. तिथल्या प्रश्नांचा साचा ऐकून ऐकून मला पाठ झाला आहे: मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, हे खरे आहे काय, असल्यास काय कार्यवाही केली. आणि उत्तरं अशी: "हे खरे नाही", "अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". पहिल्या भागात "हे खरे आहे काय" असं विचारलं आणि मंत्र्यांनी "नाही" म्हटलं, की पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" लावून मोकळं होता येतं. म्हणून पहिला भाग असा लिहायचा की त्याला "नाही" म्हणताच येऊ नये. ही युक्ती मला त्याने शिकवली.

आणखी एक. उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल" असं आलं तर हिरमुसू नका, ते वाक्य जपून ठेवा. ते सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. मुदतवाढ मागतात, ताणतात, सगळं खरं. पण वही उघडीच राहते. तुमच्या बाबांसारखा माणूस पाठीशी असेल तर ती वही मिटत नाही.

---

कन्नमवारनगरची | बुधवार, रात्री १०.२०

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "प्रश्न उद्भवत नाही" ऐकल्यावर त्यांनी वहीतलं एक जुनं पान उघडून दाखवलं. टीव्हीवर ऐकून त्यांनी तिथे लिहून ठेवलं होतं, "पुढच्या भागाला उत्तरच दिले नाही. का?"

सडेतोडजी, पैसे कुठून आणायचे हा तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. टाळत नाही. पण मी जेवढी उत्तरं वाचली त्यांत तूट आहे एवढंच सापडलं. किमान पेन्शन तीन हजार केली तर सरकारला वर्षाला किती जादा द्यावे लागतील, हे सरळ एका ओळीत मला कुठे मिळालं नाही. तो आकडा समोर आला तर तुम्ही आणि मी त्यावर बोलू शकू. मागणी जास्त आहे की नाही ते तेव्हा ठरेल.

---

सडेतोड | बुधवार, रात्री १०.५०

हे मान्य. हा आकडा विचारणाऱ्या खासदाराला, पक्ष कुठलाही असो, माझा पाठिंबा. सासऱ्यांची पेन्शन पासबुकात बघून सांगतो. आणि मला वाटतं पत्र विरोधी आणि सत्ताधारी दोन्हीकडे जावं. आमच्या खासदाराच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देतो, पोच घेऊन येतो.

---

परळकर | बुधवार, रात्री ११.१०

पोच घ्याच, शिक्क्यासह. लालबागमधली चार-पाच जुनी माणसं मी तयार करतो सहीला. त्यातल्या एकांना महिना १,१०० मिळतात, आणि बँकेपर्यंत जायला-यायला शेअर रिक्षाचे पैसेही त्यातूनच.

---

कन्नमवारनगरची | शुक्रवार, रात्री ९.००

कच्चा मसुदा टाकते, सुधारणा सांगा.

श्रम व रोजगार मंत्री हे सांगतील काय:

(क) ईपीएस-९५ अंतर्गत सध्या दरमहा १,००० रुपये वा त्याहून कमी, १,००१ ते २,००० आणि २,००१ ते ३,००० रुपये पेन्शन मिळणाऱ्यांची राज्यनिहाय संख्या किती;

(ख) राज्यसभेच्या याचिका समितीने सप्टेंबर २०१३ मध्ये किमान ३,००० रुपयांची जी शिफारस केली, तीवर सरकारने कोणता निर्णय कोणत्या तारखेस घेतला;

(ग) किमान पेन्शन ३,००० रुपये केल्यास अर्थसंकल्पातून वर्षाला किती जादा तरतूद लागेल, याचा हिशेब सरकारने केला आहे काय, केला असल्यास तो आकडा किती;

(घ) नसल्यास, तो कधीपर्यंत केला जाईल?

(ख) मध्ये "कोणत्या तारखेस" हे शब्द बाबांनी घातले. मी फक्त "कोणता निर्णय घेतला" असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पेन मागितलं आणि वर काकपद करून दोन शब्द बसवले. म्हणाले, कारखान्यात जॉबकार्डावर तारीख नसली की सुपरवायझर काम धरायचा नाही.

सह्या १७ झाल्या आहेत. परळकर, तुमच्याकडच्या रविवारी घ्यायला येते, सकाळी दहाला लालबाग मार्केटपाशी. सडेतोडजी, तुमची प्रत वेगळी काढून ठेवली आहे.